मुश्किल की मिस्कीन

अण्णा, आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत, बसवतात. तुलाही बसवलं. कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग, मांडीवर बेलाची पानं. जमीन यंदा इतकी वाळलीय, की खड्डा खणायला चौघं सकाळी लागले ते दुपार झाली तरी कंबरेएवढेच पोचले होते. टिकाव पडला की खणखण वाजायचं. मी काठावर उभी राहून तुझ्याकडं बघत होते. तू उभ्या जन्मात एका जागी इतका गप्प बसला नव्हतास. सांगायची लाज वाटते, पण मी वाट बघत होते. आता हा डोळे न उघडताच काहीतरी बोलेल, जंगमस्वामींचा मंत्र चुकेल आणि खणणारी माणसं तोंडावर हात ठेवतील, याची. माती पडायला लागली तेव्हा कळलं, की आता नाही.

दोन दिवसांनी तुझ्या कचेरीत शोकसभा झाली. मला मुद्दाम बोलावून पहिल्या ओळीत खुर्ची दिली. फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, 'मिश्कील स्वभावाचे आमचे सहकारी'. पहिला बोलणारा तेच म्हणाला, दुसरा तेच म्हणाला. तिसऱ्यानं तुझा एक किस्सा सांगितला, तेव्हा सगळे हसले आणि शोकसभेत हसलो म्हणून ओशाळले. मी उठून बाहेर आले. लोकांना वाटलं, बहिणीला सहन झालं नाही. खरंच झालं नाही. पण ते तुझ्या जाण्यामुळं नव्हे, त्या शब्दामुळं. चौदा वर्षं आपण त्या एका शब्दावरून भांडत होतो. भांडण तसंच सोडून तू गेलास, आणि ही माणसं तो शब्द असा वापरत होती, जणू त्यात भांडण्यासारखं काही नाहीच.

तू माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. मुखेडला आप्पांचं किराणा दुकान होतं. तू निजामाच्या राज्यात शिकलास, म्हणजे उर्दूत. माझी शाळा सुरू झाली तोवर राज्य गेलं होतं, मी मराठीत शिकले. एका घरात दोन भावंडं, एक उजवीकडून वाचणारं, एक डावीकडून. तू म्हणायचास, "मधी कुठंतरी भेटू." तू तहसिलात कारकून झालास. जमिनीचे जुने कागद उर्दूत असायचे, ते वाचून मराठीत सांगणं हे तुझं काम. मी लातूरच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागले आणि एकटीच राहिले.

एकटी राहिले त्यात तुझाही हात होता, हे आज लिहून टाकते. मला बघायला उदगीरची मंडळी आली होती. मुलाच्या काकांनी विचारलं, मुलगी गाते का? आप्पा काही बोलायच्या आत तू अगदी गंभीर तोंडानं म्हणालास, "गात न्हाई. पण गाणाऱ्याच्या चुका काढती. तुमच्यात कोन गातं?" मंडळी पोहे संपवून उठली ती परत आलीच नाहीत. अव्वा आई असून तुझ्याशी आठ दिवस बोलली नाही. मी तुझ्यावर चिडले, असं सगळ्यांना दाखवलं. खरं म्हणजे मला तो मुलगा नको होता, आणि हे घरात तुझ्याशिवाय कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. तुझे आभार मानायचे राहिले.

मुलींना 'मिश्कील' शिकवताना मी फोड करून सांगायची, की थट्टेखोर माणूस बोलायच्या आधी स्वतःच हसतो, खवचट माणूस टोचतो आणि ते टोचलं का, हे बघत बसतो. मिश्कील माणसाचं तोंड मात्र सरळ असतं. तो भलतंच काही बोलून जातो आणि पुढच्या कामाला लागतो. ऐकणारा मागं उभा राहून विचार करतो, की हा थट्टा करून गेला की खरं सांगून गेला? हे सांगताना माझ्या डोळ्यांपुढं तूच असायचास. पण बहात्तरच्या दुष्काळानंतर ती फोड मी शिकवायची सोडली.

त्या उन्हाळ्यात तुला तहसिलातनं तलावाच्या दुष्काळी कामावर धाडलं होतं. मस्टर घेऊन हजेरी घ्यायची. सकाळी एकदा, दुपारी एकदा. माझी शाळा सुटीला लागली होती म्हणून मी मुखेडला आले होते. नागम्मावैनी आजारी होती, तेव्हा तुझा डबा घेऊन मीच तीन दिवस कामावर आले. चहूकडं माती, खडी फोडणाऱ्या बाया, डोक्यावर पाट्या, बाभळीला बांधलेल्या झोळ्या आणि झोळ्यांत लेकरं. दुष्काळातला सरकारी खाऊ, सुकडी, वाटायची वेळ झाली, की तेवढी हालचाल व्हायची; बाकी कुणाच्या अंगात बोलायचंही बळ नव्हतं.

आणि त्यात तू हजेरी घ्यायचास. साधं नाव कधी घेतलं नाहीस. दगडावर उभं राहून निजामाच्या दरबारी थाटात पुकारायचास, "नवाब सोजरबाई बहाद्दर, हाजिर हैं?" ठिगळाचं लुगडं नेसलेली सोजर म्हातारी दगडाच्या ढिगाआडून ओरडायची, "हाजिर हाय, सरकार!" आणि बाया हसायच्या. कोरड्या पडलेल्या ओठांनी हसायच्या, हसताना ओठ फुटायचे. पहिल्या दिवशी मला ते फार आवडलं. घरी येऊन वैनीला सगळं सांगितलं. वैनी बिदरकडची, कानडीत वाढलेली. तुझी उर्दू तिला कळायची नाही आणि माझं सांगणंही तिला अर्धंच कळलं. ती म्हणाली, "त्यांचं असतंच काय तरी."

तिसऱ्या दिवशी दुपारची हजेरी चालली होती. तू पुकारलंस, "बेगम साहेबा गयाबाई, हाजिर हैं?" उत्तर आलं नाही. पुन्हा पुकारलंस. नाही. तू मस्टरमधून डोकं वर न काढता म्हणालास, "बेगम साहेबा रुसल्यात वाटतं. पालखी धाडावी लागंल."

सगळ्या बाया हसल्या. सवयीनं हसल्या. मीही हसले, अण्णा. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

मग सोजर म्हातारी पुढं आली. "सायेब," ती म्हणाली, "तिचं लेकरू गेलं."

गयाबाई बाभळीखाली बसली होती. लेकरू मांडीवर होतं. तीन दिवस ताप होता म्हणे. सकाळी कामावर आणलं तेव्हा रडत होतं, मग रडायचं थांबलं, तिला वाटलं झोपलं. ती आपल्या सगळ्यांकडं बघत होती. आपण हसत होतो तेव्हाही बघत होती. तू मस्टर मिटलंस. दगडावरून उतरलास. तिच्याकडं चार पावलं गेलास आणि मध्येच थांबलास, जसं पुढं जायला वाटच नाही. ज्या टिकावांनी तलाव खणत होते त्यातल्याच एका टिकावानं बायांनी त्या लेकराला खड्डा केला.

परतताना तू सायकल हातात धरून चालत होतास आणि मी तुझ्या मागं. मी जे बोलले ते मला अक्षर न् अक्षर पाठ आहे. म्हणाले, "तुला माणूस दिसतच नाही. तुला फक्त तुझं वाक्य दिसतं. लोक तुला मिश्कील म्हणतात. तू मिश्कील नाहीस, तू निर्दयी आहेस." तू सायकल ढकलत राहिलास. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी लातूरला निघून गेले. डबा कोण नेणार, हेही विचारलं नाही.

सहा महिने पत्र नाही. मग एक पोस्टकार्ड आलं. तुझं मराठी अक्षर लहान मुलासारखं होतं, उर्दूचं वळण त्यातनं जायचं नाही. खुशाली नाही, नमस्कार नाही. एवढंच होतं: 'मिश्कील हा शब्द मुश्किलवरून आला असावा. मुश्किल म्हणजे अवघड. तू मराठीची बाई. मत कळव.'

मला संताप आला. मला वाटलं, हा माफी मागायच्या ऐवजी शब्दाशी खेळतोय. शाळेच्या कपाटातले कोश काढून बघितले, मनासारखं उत्तर मिळालं नाही. पण मला उत्तर हवंच कुठं होतं, मला तुला लागेल असं काहीतरी हवं होतं. मी उलट टपाली लिहिलं: 'मिस्कीनवरून आला असावा. मिस्कीन म्हणजे दीन, गरीब, ज्याला कुणी नाही. हसायला तोच सापडतो.'

तुझं उत्तर यायला महिना लागला. 'मिस्कीनाला कुणी हसत नाही. मिस्कीन हसतो. त्याच्यापाशी तेवढंच असतं.'

असं ते सुरू झालं. वर्षाला चार-पाच कार्डं. खुशाली वैनीच्या नावानं वेगळ्या पत्रात. ह्या कार्डांवर फक्त शब्द. तू लिहायचास, अवघड गोष्ट सरळ बोलता येत नाही म्हणून माणूस वाकडं बोलतो, म्हणजे मुश्किलच. मी लिहायची, व्याकरणानं हे बसत नाही. तू लिहायचास, व्याकरणानं आपला बापही बसत नव्हता. हसू आलं तरी मी ते कार्डात कधी कळू दिलं नाही. एका कार्डात तरी त्या बाईचं नाव लिहावंस, एवढीच माझी अपेक्षा होती. तू लिहिलं नाहीस. मीही विचारलं नाही.

मग लातूर जिल्हा झाला. गुलाल उडाला, कमानी लागल्या, पेढे वाटले. जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून ट्रकनं कागदांचे बस्ते आले. लाल फडक्यात बांधलेले, धुळीनं माखलेले, निम्मे उर्दूत. ते वाचून गावागावांचे वेगळे करायला माणूस मिळेना, म्हणून तुला मुखेडहून इकडं आणलं. तू आणि वैनी माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायला आलात. मला वाटलं होतं, आता समोरासमोर बोलू. पण पोस्टकार्डावर जे जमत होतं ते एका ओट्यावर बसून जमेना. तू यायचास, चहा प्यायचास, कचेरीतल्या गमती सांगायचास, जायचास.

दुष्काळ पुन्हा पडला. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. टँकरपुढं बायांची भांडणं. तू ओट्यावर बसून म्हणालास, "इंदू, आपुन आता जिल्ह्याची मानसं झालो. पैले पानी तालुका पातळीवर येत नव्हतं. आता जिल्हा पातळीवर येत न्हाई." गल्लीतली माणसं महिनाभर ते एकमेकांना सांगत होती. रांगेत उभ्या बाया तेच म्हणायच्या आणि घागर पुढं सरकवायच्या. मी मात्र तोंड घट्ट ठेवलं. तुझ्या प्रत्येक थट्टेला मला ती बाभूळ दिसायची. तुला ते कळायचं. तू माझ्या तोंडाकडं एकदा बघायचास आणि विषय बदलायचास.

यंदा चैत्रात गल्लीत काविळीची साथ आली. पाणी मिळेल ते प्यायचं, दुसरं काय होणार. चार घरं आजारी पडली, बरी झाली. तुझं मात्र वाढत गेलं. डोळे हळदीसारखे, मग हात, मग नखं. दवाखान्यात दाखल केलं. वैनी तिथंच खाली चटई टाकून राहिली, मी शाळा सुटली की यायची. तुझ्या अंगात बसायचं बळ नव्हतं, पण तोंड चालूच. मला म्हणालास, "जन्मभर जुने कागद वाचले. शेवटी त्यांच्याच रंगाचा झालो. आता मला बी बस्त्यात बांधून ठिवा." शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला आणि त्याच्या पोटात कळ आली.

शुक्रवारी संध्याकाळी वैनी पाणी आणायला गेली होती. तू छताकडं बघत विचारलंस, "इंदू, त्या शब्दाचं काय ठरलं?"

अण्णा, तीच वेळ होती. तू दार उघडलं होतंस. मी खुर्ची जवळ ओढून म्हणायला हवं होतं, की त्या दिवशी मीही हसले होते. म्हणायला हवं होतं, की मी तुझ्यावर ओरडले ते निम्मं माझ्यावरच होतं. मी काय म्हणाले? "राहू दे आता. बरा हो, मग भांडू." तू मान डोलावून म्हणालास, "हाव." आणि डोळे मिटलेस. मी पिशवी उचलून घरी गेले, कारण मला दुसऱ्या दिवशीचे पेपर तपासायचे होते.

शनिवारी सकाळची शाळा होती. सुटल्यावर थेट दवाखान्यात आले. तुझ्या खाटेवर पांढरी चादर तोंडापर्यंत ओढलेली. नर्स म्हणाली, अर्धा तास झाला, तुम्ही कुठं होता, सोबतचं माणूस कुठंय? मी वैनीला शोधत वॉर्डभर फिरले. शेजारच्या खाटेवरचा म्हणाला, ती तर घरी गेली, सकाळीच, आनंदात गेली.

मी पळत घरी आले. दार सताड उघडं. घर झाडून स्वच्छ, खाटेवर धुतलेलं अंथरूण. न्हाणीत चुलीवर हंडा, त्यातनं वाफा निघतायत. टँकरचं साठवलेलं चार घागरी पाणी वैनीनं एकदम ओतलेलं. ती पदर खोचून चुलीपाशी बसली होती. मला बघून उठली आणि माझ्या मागं दाराकडं बघायला लागली.

"वन्सं, रिक्षात हायत का? उतरवाय येऊ?"

मी म्हणाले, "वैनी, अण्णा गेला."

"कसं जातील?" ती म्हणाली. "सोडलंय त्यांना. त्यांनीच सांगितलं. म्हनले, खारीजचा हुकूम निघाला, तू जा घरी, पानी तापव."

शाळेत काम करणाऱ्या कुणालाही खारीज म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. दाखल-खारीज रजिस्टर माझ्याच कपाटात असतं. मूल आलं की दाखल, नाव कमी केलं की खारीज. मी तिथंच उंबऱ्यावर बसले. वैनीला काही सांगितलं नाही. त्याच पाण्यानं संध्याकाळी तुला आंघोळ घातली.

पाचव्या दिवशी दुपारी दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, उन्हानं काळवंडलेली, हातात गाठोडं. मुखेडहून एसटीनं आली होती, उतरून विचारत विचारत. "मस्टरवाल्या सायबाचं घर ह्येच का?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "मी गयाबाई."

मला ती ओळखू आली नाही. चौदा वर्षं जिचं तोंड मी रोज आठवत होते ती बाई समोर उभी होती आणि मला ओळखू आली नाही. तिला आत घेतलं, पाणी दिलं. तू गेल्याचं मुखेडच्या तहसिलातल्या कुणीतरी बाजारात सांगितलं होतं तिला. मला राहवेना. तिनं पेला खाली ठेवायच्या आत मी म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी तिथं होते. आम्ही सगळे हसलो. माझ्या भावानं तुमची थट्टा केली. त्याच्या वतीनं..."

"तेच सांगाय आले," ती म्हणाली. "तुमाला पुढचं ठावं न्हाई."

पुढचं तिनं सांगितलं. मी जसं ऐकलं तसं लिहिते.

"लेकरू गेल्यावर पाचव्या दिवशी मी कामावर गेले. घरी बसून काय खायाचं? सायबानं हजरी घेतली. साऱ्यांचीच साधी. सोजर म्हातारीला बी नवाब म्हनले न्हाईत. माझी पाळी आली तर खाली मान घालून, 'गयाबाई मानिक.' झालं. साऱ्या बाया माझ्याकडं बघाय लागल्या. लेकरू मेलेली ती ही, म्हनून. रोज तसंच. मी पाटी उचलली की बाजूला व्हायच्या. कुनी बोलंना, कुनी भांडंना. मला वाटाय लागलं, मी बी मेलेच हाय. मग एक दिस मी उत्तरच दिलं न्हाई. सायबानं दोनदा नाव घेतलं. मी म्हनले, सायेब, पैल्यासारखं म्हना."

"मग? म्हणाला?"

"न्हाई. तोंड फिरवून हुबे राहिले. खांदे हलून राहिले. समद्या बायांनी बघितलं. म्हनले, बाई, माझ्याच्यानं होत न्हाई. मी म्हनले, तुमच्याच्यानं न्हाई झालं तर मग कुनाच्यानं हुईल? दुसऱ्या दिवशी आले. दगडावर चढले. म्हनले, बेगम सायबा गयाबाई. आवाज फाटला होता. मी म्हनले, हाजिर हाय, सरकार. हसले न्हाई मी. कुनीच हसलं न्हाई. पन दुपारी सोजर म्हातारीनं सुकडीवरून माझ्याशी भांडन काढलं." तिनं रिकामा पेला खाली ठेवला. "लई बरं वाटलं मला."

मी तिला जेवायला वाढलं. ती जेवली. तुला बसवलंय ती जागा दाखव म्हणाली, तिथं नेलं. ती थोडा वेळ बसली, ढेकळं हातानं सारखी केली आणि मुक्कामाला थांबा म्हटलं तरी संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

अण्णा, मला तुझा राग आलाय. पूर्वीचा वेगळा, हा वेगळा. चौदा वर्षांत ह्या दोन ओळी तुला एका कार्डावर लिहिता आल्या नाहीत? मी तुला निर्दयी म्हणाले आणि तू ते तसंच ठेवून घेतलंस. का? तुला वाटलं, सांगितलं तर ते स्वतःची बाजू मांडल्यासारखं होईल? की मी कधीतरी आपणहून विचारीन म्हणून थांबला होतास? 'अवघड गोष्ट सरळ बोलता येत नाही', हे तू मला लिहिलं होतंस. मी त्यात व्याकरण शोधत बसले. त्या शब्दाचं मूळ मला आजही ठाऊक नाही. मुश्किल असेल, मिस्कीन असेल, दोन्ही नसतील. तुझ्याशी भांडून जिंकायची इच्छाच राहिली नाही, आणि हरायला तू नाहीस.

वैनीचं मात्र सांगायलाच हवं, कारण ते तू माझ्यावर टाकून गेलायस.

काल दुपारी मी तिच्याजवळ ज्वारी निवडत बसले होते. तिनं एकदम विचारलं, "वन्सं, खारीज म्हंजी घरी सोडनं, न्हवं का?"

मी सूप खाली ठेवलं.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "त्यांची बोली मला कवाच कळली न्हाई. काय तरी दुसरं बोलले आसतील. मी घरी आले आन् ते एकटे गेले. पानी बी कुनी पाजलं न्हाई आसंल. पंचवीस वर्सं संसार केला, शेवटाला नीट ऐकलं सुदीक न्हाई मी."

हो म्हणणं सोपं होतं. खारीज म्हणजे घरी सोडणं, डॉक्टरांचाच अंदाज चुकला, असं म्हटलं असतं तर ती दोष कुणातरी तिसऱ्याला देऊन मोकळी झाली असती. पण खोटं बोलायला माझी जीभ उचलेना. तिचं आयुष्य अर्धवट कळलेल्या बोलण्यात गेलं होतं. शेवटचं तरी तिला पुरतं कळावं असं वाटलं. मी सांगितलं, "वैनी, तुम्ही नीटच ऐकलंत. तो खारीजच म्हणाला. पण खारीज म्हणजे नाव काढून टाकणं. शाळेतनं पोराचं नाव कमी करतात, तसं."

"येन?" ती कानडीत म्हणाली. काय?

"तो थट्टा करत होता, वैनी. स्वतःचीच."

ती माझ्याकडं बघत राहिली. हातातली ज्वारी हातातच.

"म्हंजी त्यांना ठावं होतं."

"हो."

"आन् मला पानी तापवाय धाडलं."

मी मान हलवली. तुझ्या वतीनं काहीतरी बोलावं म्हणून शब्द जुळवत होते. तुला तिचं रडणं बघवलं नसतं म्हणून तू तिला पाठवलंस, की शेवटची एक थट्टा तुला सोडवली नाही, की तुला एकट्यालाच जायचं होतं, हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं मी तिला सांगू शकत नव्हते. पुढं ती रडेल असं मला वाटलं.

ती रडली नाही. तिनं हातातली ज्वारी सुपात सोडली, खडा वेगळा काढला, आणि अगदी सरळ तोंडानं म्हणाली, "पानी तर चांगलं तापलं होतं."

मी तिच्याकडं बघतच राहिले. ती थट्टा करत होती की खरं सांगत होती, ते मला कळेना. गल्लीच्या तोंडाशी टँकरचा भोंगा वाजला. तिनं पदर खोचला, कोपऱ्यातली घागर उचलली आणि दारात थांबून म्हणाली, "चला की. रांग लागंल."

मी दुसरी घागर घेतली आणि तिच्या मागं निघाले.